पायाळूने पाहिलेली वीज

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी पाय पुढे काढून आले. शहरी माणसाला हे सांगितलं की तो "बरं, मग?" म्हणतो. पण आमच्या मराठवाड्यातल्या गोतावळ्यात याचे दोन पक्के अर्थ आहेत. एक, पायाळू माणसाने लाथ मारली की कंबरेत भरलेली उसण निघून जाते. दोन, आभाळातली वीज पायाळू माणसाला शोधत येते. पहिल्या गुणामुळे चाकणच्या कंपनीत माझी वट आहे. दुसऱ्यामुळे माझं निम्मं बालपण घोंगडीखाली गेलं.

गडगडायला लागलं की आई मला निगडीच्या फ्लॅटमध्ये मधल्या खोलीत बसवायची, वरून घोंगडी टाकायची आणि बाल्कनीत लोखंडी विळी ठेवायची. वीज आलीच तर तिने विळीवर समाधान मानावं, असा हिशोब. मी आतून ओरडायचे की वरच्या मजल्यांवरही माणसं राहतात, पडली तर आधी त्यांच्यावर पडेल.

"ते पायाळू न्हाईत," आई शांतपणे म्हणायची.

तिच्यावर पुरतं चिडताही येत नसे, कारण या वेडाला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, शेतातून घरी येताना वीज पडून गेला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आता मामा काही पायाळू नव्हता, चांगला रीतसर डोक्याकडून जन्मला होता. मोठी झाल्यावर हा मुद्दा मी वकिली थाटात आईपुढे मांडला. ती म्हणाली, "तो नव्हता तरी गेला. तू तर हायस."

कंपनीत मी एअरबॅग फोडते. म्हणजे ती उघडताना हायस्पीड कॅमेऱ्याने टिपायची, आणि सेकंदाचे हजारो तुकडे करून कुठला टाका आधी सुटला ते बघत बसायचं. काम कंटाळवाणं आहे, पण आवाज झकास होतो. मध्यंतरी पुण्याहून विजेचा अभ्यास करणारे एक सर आले. परतीच्या पावसातल्या विजा टिपायला त्यांना काही दिवस संध्याकाळपुरता आमचा कॅमेरा हवा होता. कंपनीच्या मासिकात फोटो येईल हे कळताच आमच्या साहेबांना विज्ञानाचा एकदम कळवळा आला. कॅमेऱ्याबरोबर चालवणारी म्हणून मलाही देऊन टाकलं.

आईने भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त आभाळ भरलं की खाणंपिणं बंद केलं. मी दारात दिसेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. तिला शुगर आहे आणि डॉक्टरने उपाशी राहायचं नाही म्हणून बजावलेलं. एकदा मी आले तेव्हा ती घामाने डबडबून खुर्चीत बसली होती, शुगर पार खाली गेली होती. मी साखर भरवली आणि घाबरून तिच्यावरच ओरडले. त्या दिवसापासून मला विज्ञानाचं काही पडलं नव्हतं. एक चांगली वीज पकडायची आणि आईला दाखवायची: बघ, ती कुणाला शोधत येत नाही. आता जेव.

कॅन्टीनवरच्या रिकाम्या खोलीत, बंद काचेआड आम्ही कॅमेरा लावला, तोंड राजगुरुनगरकडे. हा कॅमेरा सतत बघत असतो आणि सतत विसरत असतो. वीज चमकून गेली की आपण बटण दाबायचं, मग तो नुकतंच पाहिलेलं तेवढं सांभाळून ठेवतो. म्हणजे आधी बघायचं, मग दाबायचं. यात चुकण्यासारखं काही नाही, असं सर म्हणाले. पण वीज चमकली की माझे डोळे गच्च मिटायचे आणि दोन्ही हात कानांवर जायचे. चांगल्या चांगल्या विजा आल्या आणि गेल्या. मी कान दाबत राहिले, बटण तसंच राहिलं.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा झाली. कॅमेऱ्यालाही झेंडूची माळ घातली. फोरमनकाका लेन्सलाच कुंकू लावायला निघाले होते, मी त्यांचा हात धरला. दुपारी काका आणि मी सोडून सगळे पेढे घेऊन घरी गेले आणि संध्याकाळी राजगुरुनगरच्या बाजूने आभाळ काळंभोर झालं. सर धावत आले. काका दारात उभे.

"म्याडम, पूजा झालेलं मशीन आज चालवायचं न्हाई. आज त्याचा आराम हाय."

सरांनी त्यांना ढगांतल्या विद्युतभाराबद्दल सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि दारातून हलले नाहीत.

मी विचारलं, "काका, कंबर कशी आहे?"

"कालधरनं उसण भरलीया."

काका बाकावर पालथे झाले. मी चप्पल काढली, पाया पडून घेतलं आणि रीतीप्रमाणे लाथ घातली. सर भिंतीवरचा सुरक्षेचा फलक मन लावून वाचत होते. काका उठले, कंबर वळवून पाहिली आणि म्हणाले, "चालवा. देवाला मी सांगतो काय ते."

मग समोरच्या मोबाईल टॉवरवर वीज पडली. मला भीती वाटली, खूप वाटली, पण डोळे उघडे राहिले आणि बोट बटणावर गेलं.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात उपाशीच बसली होती. कॅमेऱ्यातली वीज मी मोबाईलवर उतरवून आणली होती. ती संथ करून तिच्यापुढे धरली आणि विजय मिळाल्यासारखी बोलू लागले. बघ, ढगातून उतरताना ती अडखळते, थांबते, फांद्या काढते, पुन्हा पुढे सरकते. कुठे पडायचं हे तिलाच ठाऊक नसतं.

आईने नीट बघितलं. "मग शोधतच यायली की. मी दुसरं काय म्हणत होते?"

मी घाईघाईने चित्र पुढे सरकवलं. शेवटी टॉवरच्या टोकावरून एक बारीक धागा वर निघतो, तो दाखवला. ती जवळ आली की जमिनीवरच्या उंच वस्तूंतून असा धागा वर जातो, दोन्ही जुळले की लख्ख. पायाळू असण्याचा काही संबंध नाही.

आईने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "माझ्या भावाच्या अंगातून बी असाच गेला असंल वर?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, "असेल."

"त्याला कळलं असंल?"

"नाही गं. पापणी लवायच्या आत होतं सगळं."

तिने मान हलवली. मग ती वीज पुन्हा लावायला सांगितली आणि मध्येच माझा हात धरला. "थांबव. हितंच." वरचा धागा खाली आला होता, खालचा वर निघाला होता, मध्ये अजून बोटभर अंधार होता.

मी ताट वाढलं. ती जेवली, दोन भाकरी खाल्ल्या. मोबाईल तिने समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, आणि स्क्रीन विझायला आली की घास हातात तसाच धरून ती डाव्या बोटाने तिला जागी करत होती.