आई ब्रीडीसमोर रडली

ताई, मी आयर्लंडला निघाले त्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर तू ढसाढसा रडलीस आणि आईने तुला दटावून गाडीत बसवलं, आठवतं? मला म्हणाली, "जातानी रडू नोको, पोरी. रडत गेलेल्या माणसाचं मन मांगंच राह्यते." मी डोळे कोरडे ठेवून आत गेले. बाबा गेले तेव्हा मी तेरा दिवसांसाठी आले, तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नाही. मला वाटलं, तिचा स्वभावच तसा.

२०२०च्या फेब्रुवारीत ती आमच्याकडे डंडॉकला आली, तीन महिन्यांसाठी, आणि लॉकडाऊनमध्ये अडकली. मी दिवसभर वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर. शेजारी ब्रीडी, सत्तरीची, नवरा गेलेली. तिचा भाचा एका कंट्री बँडमध्ये गिटार वाजवतो. त्यांचा नवा अल्बम त्या उन्हाळ्यात आला. सगळी गाणी सोडून गेलेल्या माणसांची, नाहीतर रिकाम्या स्वयंपाकघराची. पाऊस नसला की चार वाजता ब्रीडी खिडकीत सीडी लावायची, अंगणात दोन मीटर अंतर मोजून दोन खुर्च्या मांडायची आणि आईला हाक मारायची. आईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. तरी ती जायची.

खरं सांगते, मी जळत होते. आईसाठी टॅबवर अभंग लावून दिले, चांगले हेडफोन मागवले. तिने ते खोक्यासकट कपाटात ठेवून दिले. मग मी मुद्दाम चारच्या ठोक्याला पोहे करू लागले, कॉल म्यूट करून. आई दोन प्लेटा भरून बाहेर! "युअर पोहा इज ग्रँड!" ब्रीडी अंगणातून ओरडायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा खिडकीतून पाहिलं, तर आई पदर तोंडाशी दाबून हुंदके देत होती. पलीकडे ब्रीडीही डोळे पुसत होती. दोघी अंतर पाळून रडत होत्या. मी कॉल सोडून उठले आणि जिन्यातच बसले. माझ्या हक्काचं काहीतरी त्या परक्या बाईला मिळालं होतं. अशा विचाराची लाजही वाटली, पण हेवा काही कमी झाला नाही.

संध्याकाळी मी भांडलेच. "बाबांसाठी तिच्यापुढे रडतेस, मग मी कोण?"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कायले चिडते व माय? तुयासमोर रडली असती, त तू परत विमानात बसली असती का?"

सप्टेंबरात तिला डब्लिनच्या विमानतळावर सोडलं. ती रडली नाही, मीही नाही. घरी आले तेव्हा चार वाजून गेले होते. ब्रीडीने सीडी लावली होती आणि सवयीने दुसरी खुर्चीही मांडली होती. मी जाऊन बसले. दुसऱ्या गाण्याला रडू फुटलं ते अल्बम संपेपर्यंत थांबलं नाही. "यू आर ग्रँड, लव्ह," म्हणजे असू दे गं, एवढंच ब्रीडी म्हणाली, आपल्या खुर्चीतूनच.

याला आता वर्ष होईल. परवा तू विचारलंस, "तुला आता घर कुठलं वाटतं गं?" नागपूरच्या घरात मला रडायची सोय नाही. इथे चार वाजता माझ्यासाठी एक खुर्ची असते. आई दर रविवारी फोनवर आधी ब्रीडीची चौकशी करते, मग माझी, आणि माझ्या पोटात अजूनही दुखतं. मागच्या रविवारी तिने विचारलं, "माया खुर्चीवर आता कोन बसते?"

रिकामीच असते, म्हणाले. तूही सांगू नकोस.