हनुवटीखालचा हात

साळवे सर गेल्याचं मला जुन्या जालन्यातल्या एका कापड दुकानदाराने सांगितलं. मी त्याला आधी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" सवयच आहे माझी; बातमी असो की बिल, दुसरीकडे तपासल्याशिवाय मी खरं धरत नाही. या वेळी बातमी खरी निघाली… महिना होऊन गेला त्याला.

नव्वदच्या दशकात माझी मुलगी मनीषा सरांकडे इंग्रजी बोलायला शिकायला जायची. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीला फोनवर बोलणारी मुलगी हवी होती आणि मुलाखत इंग्रजीत होणार होती. नोकरी लागली नाही तर स्थळं बघायची, असं आमच्या घरात ठरलेलं. त्यामुळे ती जिवाच्या कराराने शिकत होती.

पहिल्याच दिवशी मला खटकलं. सर स्वतः खिडकीकडे पाठ करून बसायचे आणि शिकणाऱ्याला समोरच्या स्टुलावर बसवायचे, तोंडावर उजेड येईल असं. पुस्तक नाही, व्याकरण नाही. हनुवटीखाली तळवा धरून इंग्रजी शब्द म्हणायचा. जबडा जितक्यांदा खाली येईल तितके त्या शब्दाचे तुकडे, असं त्यांचं गणित. घरी मनीषा आरशासमोर तेच करायची. "वेन्झडे, दोन," ती म्हणाली. मी वर्तमानपत्राच्या कडेला शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग लिहून स्वर मोजले. तीन भरले.

"तुझे सर एक खाऊन राह्यले," मी म्हणालो.

"बाबा, कागदावर नका मोजू. तोंडात मोजा."

बँकेतल्या केरळी साहेबांकडून मी खात्री करून घेतली. दोनच होते. माझा संशय मात्र गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली… एकदा सरांच्या मागे उभं राहून मी हाक मारली. ते वळले नाहीत. मोठ्याने मारली, तरी नाही. बोलायला शिकवणाऱ्या माणसाला ऐकूच येत नव्हतं!

"उद्यापासून क्लास बंद," मी घरी येऊन सांगितलं.

मनीषाने मानही वर केली नाही. "आम्हाला पह्यल्या हप्त्यातच कळ्ळं. सगळ्या पोरांना माहीत हाय."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"हेच केलं असतं ना तुम्ही! बाबा, दुसऱ्या क्लासातल्या सरांना ऐकू येतं, पण तेवढ्या गर्दीत ऐकतं कोण? हे एकेकाच्या तोंडाकडं बघतात."

दुसऱ्या दिवशी मीच गेलो. स्टुलावर बसलो, हनुवटीखाली हात धरला आणि "ॲग्रिकल्चर" म्हटलं, पण मुद्दाम आवाज न काढता. सरांनी चार बोटं दाखवली. आवाज नव्हता हे त्यांना कळलंच नाही; सर सापडले, असं मला वाटलं. तेवढ्यात ते हसले.

"चार बराबर हायेत. पण आवाज काढला न्हाई तुम्ही. गळा हालला न्हाई."

मी हनुवटीखालचा हात काढून घेतला. तेच पुढे म्हणाले, "वाटूरच्या शाळेत शिकवत होतो, तेव्हाच कान गेले. आधीच सांगितलं असतं तर एक बी पोरगं आलं नसतं. आता तुम्ही सांगून टाकणार का?"

त्यांनी सांगायला पाहिजे होतं, हे मी आजही म्हणतो. त्या दिवशी त्यांच्या तोंडावरही म्हणालो. पण बाहेर कुणाजवळ बोललो नाही, आणि मनीषाचा क्लासही चालू राहिला.

तिला नोकरी लागली. दिवसभर फोनवर बोलायची नोकरी. आणि तीच बातमी सरांना फोनवर सांगता येत नव्हती. ती धावत त्यांच्या घरी गेली, स्टुलावर बसली आणि उजेडाकडे तोंड करून सांगितली.

परवा सरांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, भेटायला गेलो. खिडकीकडे पाठ केलेली खुर्ची तिथेच होती, समोर स्टूलही. "अजून हालवलं न्हाई काही," असं म्हणून वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी स्टुलावर बसलो. तोंडावर उजेड आला. हात आपोआप हनुवटीखाली गेला…

"सर," मी म्हणालो. या वेळी आवाज काढून.

जबडा एकदाच खाली आला.