सुगडांना आलेले पांढरे ठिपके

तनुजाच्या नखांची काळजी दीपमालाच्या डोक्यातून जात नव्हती. गॅसवर दूध असो की दारात भाजीवाला, मध्येच ती नखं डोळ्यांपुढं यायची. कडेनं काळी, आत तांबडी, अंगठ्याचं तर अर्धं तुटलेलं. पुण्याचा विश्वजीत बघायला येणार, चहाचा ट्रे पुढं होणार आणि त्याच्या आईची नजर आधी कुठं पडणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

पोरगी शिकलेली निघाली, हीच खरी अडचण. मेकॅनिकल इंजिनिअर, बिडकीनकडच्या कंपनीत नोकरी, न्यायला-आणायला एसी बस. सगळं सुखानं चाललेलं असताना कंपनीमागच्या ओढ्यात तिला माती दिसली. माती बाकीच्यांनाही दिसत होती, पण ते बिचारे बूट पुसून कामाला लागायचे. हिनं ती जेवणाच्या डब्यात भरून घरी आणली. पुढं तिनं नोकरी सोडली आणि पुंडलिकनगरातल्या घराच्या गॅलरीत बादल्या आल्या.

"विकतची माती मिळते ना गं," दीपमाला म्हणाली.

"ती मेलेली असते, आई. ही रानातली आहे."

रानातल्या जिवंत मातीला रंगही रानातलेच लागत. खुलताबादच्या रस्त्याला कापलेला डोंगर दिसला की स्कूटी थांबायची आणि बाईसाहेब तांबडा थर खरवडायला लागायच्या. काळ्यासाठी कुठलासा दगड उगाळायचा, पांढऱ्यासाठी पांढरी चिकणमाती भिजवायची, आणि कुंचला म्हणजे शिंदीची काडी, दातांनी चावून मऊ केलेली. कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रश मिळतो, असं सांगणाऱ्या आईकडं ती दयेनं बघायची.

चित्रं मात्र बरी काढायची. तितर, बाजरीची कणसं, बोरीच्या काटेरी फांद्या. बरी म्हणजे, घरात कुणी नसताना दीपमाला एकेक वाडगा उचलून खिडकीशी नेऊन बघायची, इतपत बरी.

माती चाळायचा विषय निघाला तेव्हा मायलेकींचं वाजलंच. तनुजा गव्हाच्या मोठ्या भोकांच्या चाळणीतून माती काढायची.

"मैद्याची चाळणी घे की. केवढे खडे राहतायत."

"खडे म्हणजे मातीचा स्वभाव, आई. स्वभाव चाळून टाकायचा नसतो."

"व्हय बाई. मग तुझ्या बापाच्या भातातही राहू दे थोडा स्वभाव."

अभयरावांनी पेपर वर केला. या घरात पेपर बातम्यांसाठी घेतलाच जात नव्हता.

शेवटी तह झाला. छावणीतल्या प्रदर्शनात भांडी मांडायची. ती फसली तर तनुजानं निमूट नोकरी शोधायची आणि विश्वजीतला भेटायचं. भट्टीसाठी बिडकीनजवळ जैतुनबींच्या वीटभट्टीचा एक कोपरा मिळाला. जैतुनबी तिला रात्री घरीच ठेवून घेत आणि फोनवर सांगत, "फिकर नको करू बाई, पोट भरून जेवली." जणू दीपमालाची फिकर जेवणाची होती.

संक्रांतीला दीपमालानं स्वतःच घोळ घातला. दरवर्षी चौकातल्या कुंभारणीकडून सुगडं आणायची, त्यात ऊस, बोरं, हरभरा भरून बायकांना द्यायची. यंदा लेकीनं नमुना म्हणून भाजलेली रंगीत सुगडं दिली. "आमच्या तनुची आहेत," हे वाक्य प्रत्येकीला दोनदा ऐकवलं. नोकरी सोडल्याचं ज्यांच्यापासून लपवलं होतं, त्यांनाच.

आठवडाभरातच वरच्या मजल्यावरच्या वच्छलाबाई पदरात काहीतरी झाकून खाली आल्या.

"दीपमाला, हे बघ गं. देवापुढं ठेवलेलं. आपोआप टक् वाजलं अन् टवका उडाला. मला वाटलं पाल पडली."

"हातातून पडलं असेल."

"देवापुढं कोण पाडतंय? लई अपशकुन असतो बाई. मी कुणाला सांगितलं नाय."

संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या पाचही बायकांना ते ठाऊक होतं, आणि चौघींची सुगडं आणखी टवके उडवत होती.

दीपमालानं ते सुगड उजेडात धरलं. टवका उडालेल्या प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. नख लावलं तर भुगा झाला, वच्छलाबाईंच्या पानाच्या डबीच्या कडेला वाळलेला असतो तसाच. बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या, आणि ती डिग्री आजवर फक्त इडलीच्या पिठात सोडा घालताना वापरलेल्या बाईला काय झालं ते कळलं. ओढ्याच्या मातीतले ते खडे चुनखडीचे. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतला ओलावा पितो, फुगतो आणि भांडं आतून फोडतो. मातीचा स्वभाव तो हाच.

उद्या सकाळी तिकडं जैतुनबींकडं प्रदर्शनाची सगळी भांडी भट्टीत जाणार होती. त्याच मातीची. छावणीत ती देखणी दिसतील, लोक कौतुकानं घरी नेतील, आणि मग घरोघरी टक् टक्.

म्हणजे काही करायचंच नव्हतं. गप्प बसलं की नोकरी, विश्वजीत, स्वच्छ नखं, सगळं आपोआप दारात. फोन केला तर पोरगी कच्ची भांडी पाण्यात विरघळवणार, माती मलमलच्या फडक्यानं गाळणार आणि पहिल्यापासून सुरू करणार. प्रदर्शन बुडेल. तहही बुडेल, कारण फसायला भांडीच उरणार नाहीत.

"सुगडं फुटतायत म्हणे," अभयराव पेपरामागून म्हणाले. "तुझ्याच मनासारखं होतंय की."

दीपमालानं सुगड पालथं घातलं. बुडाशी तितराचं एक पिल्लू काढलेलं होतं, कुणाला दिसणारही नाही अशा जागी.

कपाटातली जुनी मलमलची ओढणी तिनं आधी काढून खुर्चीवर टाकली, मग मोबाइल हातात घेतला. नखांचं मात्र फोनच्या शेवटी एकदा बोलायचंच, असं ठरवून तिनं तनुजाचा नंबर लावला.