अण्णा, अजून एक वर्ष

लातूरच्या बसस्टँडवर त्या सकाळी मुलखातले बाप आपापल्या पोरांना ट्रंक-गादीसकट उतरवून घेत होते. सगळी डॉक्टर व्हायला आलेली पोरं. त्या गर्दीत पोराला लातुरातून बाहेर धाडायला आलेले बाप एकच, आमचे अण्णा. अण्णा म्हणजे मिलिंदचे वडील, नायगावला विजेच्या खात्यात लाइनमन. मिलिंद माझा शाळेपासूनचा दोस्त. आणि मी दत्ता, ज्याला गावात आजही "चेंडूबरोबर गेलेला" म्हणतात.

अण्णांनी मिलिंदला शिकायलाच लातूरला ठेवलं होतं. तो शिकलाही, पण कॉलेजात खेळाच्या सरांनी त्याला फुटबॉलच्या गोलात उभं केलं आणि गोव्याच्या एका क्लबच्या माणसानं त्याला हेरलं. चाचणीला बोलावलं त्याला, मला कुत्र्यानंही विचारलं नव्हतं. वरातीत जसे बिनबुलाये घुसतात तसा मी निघालो होतो.

अण्णा खांबावर चढणारा माणूस, बोलणं मोजकं. "एक वर्ष," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर वापस यायचं आन् परीक्षेला बसायचं. आपल्या घरात पयलं शिक्षण, बाकी समदं मागून." मग माझ्याकडं वळले. "आन् दत्त्या, तू कशाला चाललास?"

"सोबतीला, अण्णा."

"मग सोबत तरी नीट कर."

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारखं गाव सोडून पुण्या-दुबईला गेलेल्या मंडळींनो, तुम्ही नेहमी विचारता, आपला मिलिंद एवढा मोठा कसा झाला? त्याची मेहनत, जिद्द वगैरे सगळं खरं. पण सुरुवात माझ्या येडपटपणानं झाली, हे कुठल्याच मुलाखतीत येत नाही.

आपल्याकडं फुटबॉल होताच कुठं? गावोगाव व्हॉलीबॉल. मी स्मॅश मारणारा, मिलिंद जाळीवर हात लावून अडवणारा. गोव्यातल्या चाचणीत एक गडी कमी पडला म्हणून मला बचावात उभं केलं. बराच वेळ खेळ झाला तरी मिलिंदकडं एक धड चेंडू आला नाही. कोच घड्याळ बघायला लागला. एवढ्यात कॉर्नर आला. चेंडू असा काही उंच, असा काही अलगद तरंगत आला, की जणू कोणी खास माझ्यासाठी सेट करून दिलाय. मी उडी मारली आणि दिला हातानं ठेवून! नायगावात असता तर टाळ्या पडल्या असत्या. तिथं शिट्टी वाजली. पेनल्टी.

"येड्या!" मिलिंद गोलातून ओरडला. "जाळी दिसून राहिली का तुला मधी?"

पेनल्टी मारायला क्लबचा सगळ्यात दांडगा परदेशी गडी आला. मिलिंद हललाच नाही. समोरच्यानं मारेपर्यंत थांबला आणि मग दोन्ही हात जोडीनं नेऊन चेंडू असा ठोकला, की तो अर्ध्या मैदानात गेला. कोचनं घड्याळ खिशात टाकलं. "पुन्हा मार," म्हणाला. पुन्हा अडवला. त्याच दुपारी मिलिंद क्लबचा झाला. माझ्याबद्दल कोच म्हणाला, हाही राहू दे, पण मैदानात पाऊल टाकायचं नाही. त्या अटीवर मी आजतागायत किटरूममध्ये आहे. बूट, जर्सी आणि हवा भरायचा पंप ही माझी कारकीर्द.

पहिलं वर्ष मिलिंद बाकावरच होता. मी आपला हळहळायचो, तो मात्र समोरचा गडी कुठल्या पायानं मारतो, मारण्याआधी कुठं बघतो, हे बघत बसायचा. हंगाम संपला तसा त्यानं घाबरत नायगावला फोन लावला. "अण्णा, अजून एक वर्ष."

"पेपर दिलास का?"

"हाव."

"मग ऱ्हा."

त्यानं पदवी बाहेरून पुरी केली, क्लबचा पहिला गोलकीपर झाला, पुढं कप्तान झाला, तरी दर हंगामाला तो फोन चुकला नाही. भारताच्या संघात निवड झाली त्या वर्षीसुद्धा! मी म्हटलं, "अरे, आता देशानं बोलावलंय, अण्णांना काय विचारतोस?" तर म्हणाला, "देशानं खेळायला बोलावलंय. घरून सुट्टी अण्णाच देणार ना?"

आखातातला तो सामना तुमच्यातल्या पुष्कळांनी टीव्हीवर पाहिलाय. आपण सपाटून हरलो. प्रत्येक गोलानंतर मिलिंद स्वतःचा हात वर करायचा, चूक माझी म्हणून, मग चुकलेला कोणी का असेना. नंतर अण्णांचा फोन आला. "किती गेले ते टीव्हीवाल्यानं सांगितलं. किती अडवलेस, ते तू सांग." मिलिंदनं फोन माझ्यापुढं धरला. मी तो घेतला आणि एकेक सांगत सुटलो. अण्णा शेवटपर्यंत हं हं करत ऐकत राहिले.

गेल्या हंगामात गुडघ्यानं मिलिंदला थांबवलं. क्लबनं लगेच गोलकीपरांचा कोच हो म्हणून गळ घातली. मी तर मनात त्याची कोचची खोलीही लावून टाकली होती. रिवाजाप्रमाणं किटरूममधून फोन लागला. "अण्णा, अजून एक वर्ष."

 अण्णा म्हणाले, "आता एक वर्ष मला दे की, लेकरा."

मिलिंद बुटांच्या पेटीवर बसला. एवढ्या वर्षांत त्याला असा खाली बसलेला मी पाहिला नव्हता. मी स्वार्थी माणूस, म्हटलं, "विचार कर, असली नोकरी..." त्यानं हातमोजे माझ्या हातात दिले आणि बॅग भरायला घेतली.

परवा जाऊन आलो नायगावला. अण्णा थकलेत, पण गावच्या मैदानावर खुर्ची गोलाच्या मागं टाकून बसतात. आयुष्यात पहिल्यांदा पोराचा खेळ जवळून बघून राहिलेत. मिलिंद तालुक्यातल्या पोरापोरींना उडी मारायला शिकवतो आणि मला बाजूला घेऊन विचारतो, "सुकी सुंगटं आणलीस का?" झिंगे म्हणायचंही विसरला बेटा. नायगावात बसून तो गोव्याला झुरतो, गोव्यात बसून मी नायगावला.

निघताना अण्णांच्या पाया पडलो आणि तोंडातून गेलं, "घरी पोचलो की फोन करतो."

अण्णांनी वर बघितलं. "कोणत्या घरी?"

 माझी बायको मडगावची, पोरं कोंकणीत भांडतात, आणि मी इथल्या मातीत वाढलेला. जीभ चावत बसमध्ये चढलो. लातूरसुद्धा आलं नव्हतं, तोच फोन वाजला.

"पोचलास का?"

"अण्णा, आत्ता तर निघालो."

"बरं, बरं," अण्णा म्हणाले. "घरी पोचल्यावर सांग."