जज्जसाहेबांच्या चरित्रातलं गाळलेलं पान

"हे पान गाळा, मिसेस साठे," बॉस म्हणाले.

मी टाइपरायटरवरचे हात उचलले. सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. बहारीनला, सित्रामधल्या एका कंत्राटी कंपनीत मी सेक्रेटरी होते. आमचे अमेरिकन बॉस फावल्या वेळात आपल्या पूर्वजाचं चरित्र लिहीत. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हाचा हा न्यायाधीश. शेतकऱ्याचा मुलगा, घरीच कायदा वाचून वकील झालेला. घोड्यावरून गावोगाव फिरून कोर्ट भरवायचा. शेवटी राज्याच्या वरिष्ठ कोर्टात पोचला. टाइप करता करता मलाही तो आवडायला लागला होता.

गाळायच्या पानावर त्याचा एक निकाल होता. बोटीच्या भाड्यापोटी काही वर्षं राबायचा करार करून आलेला एक सुतार मालकाकडून पळाला. जज्जसाहेबांनी त्याला धरून परत पाठवलं, वर कराराची दोन वर्षं वाढवली.

"घरच्यांना वाचायला बरं वाटणार नाही," बॉस म्हणाले.

मी पान गाळलं. पुस्तक त्यांचं होतं.

त्याच आठवड्यात दत्ताराम तार घेऊन माझ्या टेबलाशी आला. हा मालवणकडचा वेल्डर, पाच वर्षं आमच्याकडे. आई अत्यवस्थ होती.

"बाई, आवशीक एकदा बघूचा हा. एवढाच."

कामगारांचे पासपोर्ट कंपनी स्वतःकडे ठेवायची. बॉसच्या सहीशिवाय ते मिळत नसत. मी लगेच रजेचा फॉर्म टाइप करून आत नेला.

"शटडाउन चालू आहे," बॉस म्हणाले. शटडाउन म्हणजे प्लांट बंद ठेवून केलेली दुरुस्ती. "आता सोडलं तर तो परत येणार नाही."

"सर, त्याची आई मरतेय."

"सगळ्यांच्याच आया मरतात."

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म पुन्हा ठेवला. त्यांनी तो न वाचताच बाजूला सारला. तिसऱ्या दिवशी दत्ताराम पुन्हा आला. दारात नुसता उभा राहिला. मी आत गेले तेव्हा बॉस डिक्टेशन द्यायला तयार बसले होते. "लिहा. जज्जसाहेबांची न्यायबुद्धी..."

माझं डोकं फिरलं. मी पॅड मिटलं.

"सर, त्या सुताराला त्यांनी बांधून ठेवलं, तसंच तुम्ही दत्तारामला ठेवलंय. ते पान गाळता येतं. हा माणूस दारात उभा आहे. त्याला कसं गाळणार?"

"तुम्ही सेक्रेटरी आहात, मिसेस साठे."

"हो. म्हणून फॉर्म आणलाय. सही होईपर्यंत या पुस्तकाची एक ओळही टाइप करणार नाही."

ते लालबुंद झाले.  मग फॉर्म ओढला, सही केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा."

दत्ताराम घरी पोचला तेव्हा आईला अग्नी देऊन एक दिवस झाला होता. एक दिवस! पहिल्याच दिवशी सही झाली असती तर आई भेटली असती.

महिन्याभराने तो ठरल्या तारखेला परत आला. बॉसनी त्याचा पासपोर्ट पुन्हा जमा करून घेतला. माझी बदली स्टोअरला झाली, नट-बोल्टांच्या याद्या करायला.

मला बदलीचं काही वाटलं नाही. राग येतो तो माझाच. जे तिसऱ्या दिवशी बोलले, ते पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं. साहेबापुढे अदबीने थांबायची सवय मला होती, आणि ती दत्तारामला महागात पडली.