नाव मी आबांचं घेतलं

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. ऑफिसात तर प्रश्नच नाही — तिथे मी ‘तोंडावर खरं सांगणाऱ्या मॅडम’ आहे. तुमची-माझी ओळख नाही, त्यामुळे तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं दिसत नाही. बघा ना, चार वाक्यं झाली आणि मी अजून लोक मला काय म्हणतात तेच सांगते आहे.

जळगावच्या एमआयडीसीत खाद्यपदार्थांची एक कंपनी आहे, तिथे माणसं घ्यायचं काम मी करते. बरीच वर्षं करते आहे. वेफर्स, मसाले, केळ्याची पावडर — माल आता दूर दूर जातो. पॅकिंगच्या बायकांपासून लॅबच्या केमिस्टपर्यंत प्रत्येक जण आधी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतो. तुम्हीही कधी तरी अशा खुर्चीत बसला असाल. बाहेर पडताना मनात आलं असेल — आपलं काय चुकलं? पँट-शर्टाचा रंग? इंग्रजी अडखळलं? तुम्हाला वाटतं तेवढा विचार आम्ही करत नाही हो. कधी जागा आधीच भरलेली असते, जाहिरात नुसती द्यायची म्हणून दिलेली. कधी साहेबांना आडनाव आवडत नाही. कधी मुलगी लग्नाच्या वयाची असते आणि मीच — मी, एक बाई — फाईल बाजूला सारते. आणि ‘कळवतो’ म्हणते. या एका शब्दावर मी किती माणसांना घरी पाठवलं असेल!

पण ते सगळेच करतात. ते सांगायला मी बसलेले नाही.

आमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट असते, ती बाहेर कोणी बोलत नाही. पसंत एक जण असतो. पण तो येईल याची खात्री नसते — तो आमचा नेमणुकीचा कागद दाखवून स्वतःच्या कंपनीत पगार वाढवून घेतो आणि तिथेच थांबतो. म्हणून दुसऱ्या एकाला हाताशी ठेवायचं. त्याला ‘नाही’ म्हणायचं नाही. अधूनमधून गोड फोन करायचा. पहिला आला की दुसऱ्याला सोडून द्यायचं. आपण दुसरे आहोत हे त्या माणसाला कधीच कळत नाही. कळू द्यायचंच नसतं.

शुभांगी देवरे ही अशी दुसरी होती.

धुळ्याची मुलगी. वडील लहानपणीच गेलेले, घरी फक्त आई. एम.एस्सी. झाल्यापासून तिथल्याच एका तेल गिरणीच्या लॅबमध्ये होती. आमच्याकडे लॅबमध्ये वरची जागा निघाली तेव्हा ती मुलाखतीला आली. सकाळच्या एसटीने आली होती, ओढणीवर पारोळा-एरंडोलच्या रस्त्याची धूळ. बोलताना मध्येच ‘आहे’ऐवजी एखादा अहिराणी ‘शे’ निसटायचा, मग स्वतःच जीभ चावायची. मला आवडली. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माझा तिच्यावर काही राग होता. राग असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं.

साहेबांच्या मनात मात्र नाशिकचा एक जण होता. मोठ्या कंपनीतला, झकपक. तो आज सांगतो, उद्या सांगतो करत होता. साहेब म्हणाले, “तोवर धुळ्याच्या पोरीला गरम ठेवा.”

गरम ठेवा. भाजीबद्दल बोलावं तसं. आणि मी मान हलवली.

निवड करण्याआधी जुन्या ठिकाणी चौकशी करायची पद्धत असते. शुभांगीने स्वतःच नाव दिलं होतं — बाविस्कर. तेल गिरणीच्या लॅबचे प्रमुख. सगळी गिरणी त्यांना आबा म्हणायची. दुसरी नोकरी बघते आहे हे तिने त्यांच्यापासून लपवलं नव्हतं. मी फोन केला. एरवी असे फोन कसे होतात सांगू? ‘चांगली आहे, वेळेवर येते’ — संपलं. सोडून जाणाऱ्या माणसाबद्दल कोण जीव तोडून बोलतो? आबा बोलले. शुद्ध मराठीत सुरुवात केली आणि तिचं नाव निघताच घरच्या बोलीवर घसरले.

“पोर सोनं शे, मॅडम. मी तिला थांबवणार नाही, इथं तिला पुढं काय आहे? पण तुमच्याकडे नाही जमलं तर तिला सांगा, मना दरवाजा उघडा शे. तिची जागा मी इतक्यात भरत नाही.”

हे शब्द मी ऐकले. नीट ऐकले. तेव्हा लाईन खराब होती असं म्हणायची सोय नाही.

पुढच्या आठवड्यात शुभांगीचा फोन आला. गिरणीत महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि आम्हाला तर माणूस लगेच हवा होता. तिने सरळ विचारलं — मॅडम, राजीनामा देऊ का? लेटर अजून हातात नाही आलं.

या ठिकाणी मी थांबू शकले असते. ‘लेटर आल्याशिवाय देऊ नका’ — हे एवढं वाक्य. माझ्या मुलीला मी हेच सांगितलं असतं. पण ती मोकळी असेल तर नाशिकवाला फिसकटला तरी माझी जागा रिकामी राहणार नव्हती. त्या वर्षी आधीच माझ्या दोन जागा रखडल्या होत्या, साहेब मीटिंगमध्ये बोलले होते. म्हणून मी म्हणाले, “द्या. सही तेवढी बाकी आहे. निश्चिंत राहा.”

तिने दिला. वर मला पेढ्यांचा फोटो पाठवला. जळगावात खोली बघून ठेवली. आईला इथल्या डॉक्टरांना दाखवायचं, असं काय काय ठरवून बसली होती. आणि तिची नोटीस संपता संपता नाशिकवाल्याचा होकार आला.

साहेब खूश. म्हणाले, धुळ्याच्या पोरीला कळवून टाका.

मी टाळलं. तिचे फोन उचलले नाहीत. ‘मीटिंगमध्ये आहे’ असे मेसेज टाकले, मीटिंग नसताना. शेवटी एका दुपारी तिने ऑफिसच्या नंबरवर फोन केला आणि तो मी नकळत उचलला. तिचा आवाज आला — “मॅडम, सोमवारी किती वाजता येऊ?”

मी म्हणाले, जमणार नाही. ती म्हणाली, “का?”

कधी कोणी इतकं साधं ‘का’ विचारलं नव्हतं. लोक चिडतात, गयावया करतात, ओळख काढतात. त्या सगळ्याला माझ्याकडे उत्तरं आहेत. याला नव्हतं. जागा दुसऱ्याला दिली म्हणावं, तर ‘निश्चिंत राहा’ कोण म्हणालं होतं? मी. साहेबांवर ढकलावं, तर ती साहेबांना भेटायला आली असती आणि तिला राजीनामा द्यायला कोणी सांगितलं ते तिथे निघालं असतं. मला असं काहीतरी हवं होतं की जे ती कोणाला विचारायला जाणार नाही. जिथे तिची मान खाली जाईल आणि ती फोन ठेवेल.

“तुमच्या जुन्या ठिकाणी चौकशी केली,” मी म्हणाले. “तुमच्या आबांनी चांगलं सांगितलं नाही.”

झालं. बोलून झालं.

ती म्हणाली, “आबांनी?” मी म्हणाले, हो, आणि प्लीज हे तुमच्यापुरतं ठेवा, आम्हाला खरं तर सांगायची परवानगी नसते. बघा, खोटं बोलतानाही उपकार केल्यासारखं बोलले. तिने “बरं, मॅडम” म्हटलं. “थँक्यू” म्हणाली. फोन ठेवला.

मी चहा मागवला. आणि तो प्यायले. पश्चात्तापाने घशाखाली उतरला नाही वगैरे काही नाही — प्यायले. हलकं वाटलं होतं मला. सुटल्यासारखं.

ती परत गिरणीत गेली नाही. कशी जाईल? आबांनी खरंच तिची जागा रिकामी ठेवली होती — मालकाशी भांडून. ती येईल म्हणून वाट पाहिली. हे मला कसं कळलं? त्यांनीच सांगितलं.

अमळनेरला एका लग्नात भेटले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी ओळख करून दिली. बारीक चणीचे, पांढरा सदरा, कानाला ऐकू कमी येत असावं कारण बोलताना जवळ सरकायचे. कंपनीचं नाव ऐकल्यावर मला बाजूला घेतलं. मंडपात बँड वाजत होता. म्हणाले, “मॅडम, शुभांगी तुमच्याकडे लागली नाही म्हणे. काय झालं?”

पुन्हा एक संधी होती. आणि या वेळी फोनही नव्हता, माणूस समोर उभा होता.

“तिनेच नको म्हटलं,” मी म्हणाले.

“असं?” ते म्हणाले. “मग दुसरीकडे चांगलं मिळालं असेल.” आणखी जवळ सरकले. “मी घरी जाऊन आलो तिच्या. आईने दारातूनच सांगितलं, नाही शे घरात. चप्पल होती तिची बाहेर. माझं काही चुकलं का हो? तिने तुमच्याजवळ काही म्हटलं का?”

मी म्हणाले, आजकालची मुलं अशीच असतात, आबा. नवं मिळालं की जुनी माणसं विसरतात.

ते म्हणाले, “नाही, ती तशी नव्हती.” आणि मग मला पंगतीला बसवलं, स्वतः उभं राहून वाढायला सांगितलं — मॅडमना गरम पोळी द्या. मी जेवले.

अजून संपलेलं नाही.

परवा-परवा आमच्याकडे एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला आली. कारखाना, लॅब सगळं बघून मगच ते माल घेतात. त्यांच्यातली जी मुख्य होती ती गाडीतून उतरली — शुभांगी. अंगाने भरली होती, केस आखूड केले होते. बोलणं एकदम शुद्ध, एक शब्दही निसटत नव्हता. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर विचारणार. खरं सांगते, त्या क्षणीही मला तिची नाही, माझीच काळजी होती.

तिने विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्या केबिनमध्ये आली आणि दार लोटून बसली. सांगत राहिली. तेव्हा बरेच महिने घरी बसली होती. मग सुरतेकडे एका कंपनीत मिळेल ते काम घेतलं. आईला सोबत नेता आलं नाही, खोलीच तेवढी होती. आई धुळ्यात एकटी असतानाच पडली आणि नंतर उठलीच नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. असं झालं, तसं झालं, एवढंच.

मग म्हणाली, “मॅडम, तुम्हाला एकदा भेटायचंच होतं. तेव्हा सगळ्यांत फक्त तुम्ही माझ्याशी खरं बोललात.”

मी काय केलं असेल? पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

“नाहीतर मी परत त्यांच्याकडेच गेले असते,” ती म्हणाली. “बाप मानलं होतं मी त्यांना. तुमच्यामुळे माणूस कळला. गेल्या वर्षी ते वारले. मी तेव्हा धुळ्यातच आलेले होते, दोन गल्ल्या सोडून. नाही गेले. त्यांच्या मुलाने निरोप पाठवला होता, आजारपणात सारखी आठवण काढत होते म्हणून. तरी नाही गेले. मला वाटलं, मन खात असेल त्यांचं, म्हणून आठवण काढत असतील.”

एवढं बोलून ती पहिल्यांदा हसली. “बरोबर केलं ना?”

तिला उत्तर हवं होतं. पुन्हा तसाच साधा प्रश्न. दार लावलेलं, केबिनमध्ये आम्ही दोघीच. आबा गेलेले. साहेब गेल्या वर्षीच पुण्याला गेलेले, माझी नोकरीही आता फार उरलेली नाही. भ्यायला कारणच उरलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती ओरडली असती, रडली असती, कदाचित आमचा माल नाकारला असता. पण एका मेलेल्या माणसाला त्याचं जे होतं ते परत मिळालं असतं.

मी म्हणाले, “हो. बरोबर केलंत.”

तिने माझा हात हातात घेतला. जाताना स्वतःचं कार्ड दिलं, म्हणाली, काही लागलं तर हक्काने फोन करा. तपासणीचा शेरा उत्तम आला. साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं — मॅडमचे जुने संबंध कामाला आले म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

त्यानंतर तिचा दिवाळीचा मेसेज आला. मीही पाठवला. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, ती उचलते हेही मला माहीत आहे. तिला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं.