पत्रावळीखालचा खडा

आमच्या दीपमालाला कोणी विचारलं, काय काम करतेस, तर ती खुशाल सांगते, "वरण सांडते." माझी ही धाकटी बहीण जानेफळला घरी बसून जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर तेल, दूध, शाम्पू असं काहीबाही वाहतं करते.

यावेळी मसाल्याची जाहिरात होती. पत्रावळीवर कुस्करलेले रोडगे, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, त्यावर वरणाची धार. जाहिरात बनवणाऱ्या पुण्याच्या अर्पिता मॅडमना हे पसंत पडलं तर पुढचं सगळं काम घरबसल्या मिळणार, नाहीतर पुण्यात नोकरी शोधायची. तिला गाव सोडायचं नव्हतं. मला तर तिच्याशी भांडल्याशिवाय जेवण जात नाही.

वरण वाहवायच्या रीती दोन. एकीत जागेचे चौकोन पाडून कोणत्या चौकोनात किती वरण आलं ते बघायचं. दिसतं गुळगुळीत, पण कडेचा पातळ थर मधल्यामध्ये जिरून जातो. दुसरीत वरणाचे लाखो थेंब करून एकेकाचा माग ठेवायचा. थेंब हरवत नाही, पण वरणाचा साबुदाणा होतो. दीपमालानं दोन्हींची सोयरीक जमवली. वाहायचं थेंबांनी, त्यांना आवरायचं चौकोनांनी. वरण असं झकास उतरलं की मला भूक लागली.

मॅडमचा फोन आला. "सुंदर! पण पत्रावळीखाली दगड कसला? काढून टाका."

दीपमालानं जीभ चावली. पंगतीत बसलं की आपण आधी खडा शोधतो आणि पत्रावळीच्या कडेखाली सरकवतो, म्हणजे पातळ वरण पळत नाही. सवयीनं तिनं चित्रातही तो ठेवला होता. अंगणाला उतारही खराखुरा दिलेला. खडा काढला, आणि वरण थेट जमिनीवर.

"ताई, पाह्य ना, सारं वाहून राह्यलं!"

"मंग नुसती चौकोनवाली रीत लाव ना वं. कडेचं वरण तिथंच जिरून जाईन. कोनाले समजते?"

"मले समजते ना!"

अशी हट्टी. तिनं ते सांडलेलं वरण जसंच्या तसं पुण्याला पाठवलं.

फोन वाजला तेव्हा मॅडम हसतच होत्या. "आत्ता कळलं तो दगड कशाला! परत ठेवा. आणि सुरुवात त्या दगडापासूनच करा. पुढची कामंही तुमच्याकडेच."

मला इतका आनंद झाला की मी तिला एक धपाटाच घातला. मग अंगणात रोडग्यांची पंगत बसली. दीपमालानं निवडून खडा लावला, आणि तिची नजर चुकवून मी तो हळूच काढून घेतला.

एक थेंबही हरवला नाही. सगळं वरण तिच्या ओढणीवर.